सावळारामाचं शिंग

संजीवनी परसात बसून मास्क धूत होती. श्वासाचं मशीन उद्या दवाखान्यात परत करायचं होतं, आणि परत द्यायची वस्तू स्वच्छ करून द्यावी असं वळण तिला माहेरी लागलेलं होतं. साबणाच्या पाण्यात मास्कची वळ्यावळ्यांची नळी सारखी वर येत होती आणि ती तिला पुन्हा खाली दाबत होती. आतल्या खोलीत कुमार दुपारचा आडवा झाला होता. त्याचं घोरणं पार शेवग्याच्या झाडापर्यंत ऐकू येत होतं. मग ते थांबलं.

तिचे हात पाण्यातच राहिले. घोरणारा माणूस गप्प झाला की इतर घरांतल्या लोकांना हायसं वाटतं, हिला मात्र भीती वाटायची. ती ऐकत राहिली. आवाज परत येईना, तेव्हा फेसाळ हातांनीच उठून ती आत धावली. कुमार उताणा पडला होता. तोंड उघडं होतं, छाती वर यायची धडपड करत होती, पण वारा काही आत शिरत नव्हता. तिनं खांदा धरून त्याला गदागदा हलवलं. मोठा आवाज करून श्वास आत गेला, कुमारनं कूस बदलली आणि डोळे न उघडताच तो पुन्हा घोरू लागला.

पडवीत तांदूळ निवडत बसलेल्या तिच्या सासूनं, ठकुबाईनं, हे सगळं पाहिलं होतं.

"झोपू दे की त्याला. किती सुखाची झोप लागलीय. कशापायी सारखी हालवतीस?"

"आत्या, श्वास थांबला व्हता त्यांचा."

"श्वास थांबलेला मानूस घोरतो व्हय?"

संजीवनीनं पदराला हात पुसले आणि ती परत मास्ककडे गेली. म्हातारीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. एकटी ठकुबाईच नाही, सगळं उत्रोली गाव तेच म्हणायचं. घोरतो तो निर्धास्त माणूस, त्याला ना घोर ना काळजी. कुमारची गिरणी सुरू झाली म्हणून आळीतली पोरं हसायची, आणि इतकी वर्षं संजीवनीही त्यांच्याबरोबर हसत आली होती. ते हसणं आता तिला आठवायचंसुद्धा नव्हतं.

कुमार दुधाचा टेम्पो चालवायचा. वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवरून कॅन गोळा करायचे आणि कापूरहोळला नेऊन घालायचे, हे त्याचं वर्षानुवर्षांचं काम. गेल्या दिवाळीआधी, चांगलं ऊन पडलेलं असताना, चालवता चालवता त्याचा डोळा लागला आणि टेम्पो एका ढाब्यापुढच्या बाकड्यांवर चढला. बाकड्यांवर कुणी बसलेलं नव्हतं, एवढंच नशीब. टेम्पोचा मालक माणूस बरा होता. बरा हो आणि मग ये, असं सांगून त्यानं किल्ली ठेवून घेतली. मग पुण्याला जाऊन डोक्याला वायरी लावून झोपणं झालं, झोपेत श्वास पुन्हा पुन्हा बंद पडतो हे कळलं, आणि हे मशीन घरी आलं. नाकावर मास्क बांधायचा, मशीननं रात्रभर वारा सोडायचा, की घसा उघडा राहतो. पण मास्क बांधला की कुमार धडपडून उठायचा. नदीत बुडाल्यागत होतंय, म्हणायचा. कधी जागेपणी काढायचा, कधी झोपेतच उपटून फेकायचा. वीज गेली तर सगळाच आनंद.

"मशीन हाच खात्रीचा उपाय आहे," भोरच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तुम्ही लावणारच नसाल, तर ते कपाटात ठेवल्यासारखंच झालं."

त्यांनी दुसरे उपाय सांगायला घेतले. वजन उतरवा. तंबाखू सोडा. उताणं झोपू नका. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी एक पट्टी दाताचे डॉक्टर करून देतात, पण तिला बसायला दात लागतात. कुमारचं तोंड बॅटरीनं पाहून त्यांनी ती गोष्ट तिथंच सोडली.

"घरात कुणी काही वाजवतं का? शंख, बासरी?"

"का वं?" संजीवनीनं विचारलं.

"झोपेत यांच्या घशाचे स्नायू ढिले पडतात आणि वाट बंद होते. रोज जोर लावून फुंकलं तर ते घट्ट होतात. काहींना फरक पडलाय. सगळ्यांना पडतो असं नाही. काही महिने करून पाहा, मग पुन्हा तपासू. तोवर गाडीला हात लावायचा नाही."

"शंख न्हाई आमच्यात," कुमार म्हणाला. मग आपल्या चपलांकडे बघत त्यानं विचारलं, "शिंग चालंल का?"

"जे फुंकताना दम लागेल, ते चालेल."

बाहेर आल्यावर तो चक्क हसला. किती महिन्यांनी हसला, ते संजीवनीलाही सांगता आलं नसतं. लहानपणी बापाचं शिंग तो चोरून फुंकायचा, आवाज निघाला की आधी पळत सुटायचा, हे त्यानं तिला तिथंच रस्त्यात सांगितलं. भोरात धनाजी बँडवाल्याकडे लग्नाच्या वरातीत वाजवायची शिंगं होती. त्यानं एक चेपलेलं, वरातीतून बाद केलेलं शिंग पोत्यात गुंडाळून दिलं.

पोतं दारातच अडलं.

"काय हाय त्यात?" ठकुबाईनं विचारलं. विचारलं खरं, पण पोत्याचा बाक बघून तिला कळलेलं होतं.

"औषध हाय, आये," कुमार म्हणाला.

"औषध बाटलीत आसतंय. ह्ये इख हाय. ह्या घरात न्हाई यायचं. म्या हाय तवर न्हाई."

या घरातल्या शिंगाची गोष्ट अख्ख्या आळीला पाठ होती. सावळाराम म्हणजे कुमारचा बाप. गावच्या पालखीपुढं शिंग फुंकायचं काम त्याच्या घराकडं पिढ्यान् पिढ्या होतं. शिंगवाल्यानं पालखीच्या पुढे चालायचं आणि देवळाच्या पायरीशी आलं की बाजूला व्हायचं. प्रसाद वरून ओंजळीत पडायचा. आळीनं बुद्धाचा धम्म घेतला, घराघरातले देव नदीत गेले, तरी सावळारामाचं शिंग काही सुटलं नाही. गावाची भीती होती, सुगीला मिळणारं धान्य होतं. शिवाय त्याला फुंकायला आवडायचं, पण हे कारण कुणी मोठ्यानं बोलत नसे. शेवटी एका चैत्रात, ऐन पालखीत, ठकुबाई हाताशी असलेल्या कुमारला जावेकडे सोडून गर्दीत शिरली आणि नवऱ्याच्या हातातलं शिंग तिनं काढून घेतलं. तशीच चालत भोरला गेली, तांबटाकडं मोडीत घातलं आणि डोक्यावर नवी कळशी घेऊन घरी आली. गावानं वर्षभर आळीतल्या कुणालाही कामावर बोलावलं नाही. कण्या खाऊन दिवस काढले, पण पालखीपुढं शिंग परत वाजलं नाही. दरवर्षी जयंतीला विहारात बाया तिला ही गोष्ट सांगायला लावत. सांगताना म्हातारीची मान ताठ व्हायची, आणि ती ताठ व्हायलाच हवी होती.

संजीवनीला हे सगळं माहीत होतं. तिला त्या गोष्टीचा अभिमानही होता. पण त्या दिवशी पोतं हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभी असताना तिचा तोल सुटला.

"आत्या, तुमचा मान मोठा का त्यांचा जीव मोठा?"

ठकुबाईनं सूप पुढं ओढलं. सुपातले तांदूळ पाखडायला लागली. ते मघाशीच पाखडून झालेले होते.

कुमारनं पोतं नदीकडच्या खाचरात नेलं. भातकापणी झाली होती, खाचरं रिकामी पडली होती, ऐकायला बगळ्यांशिवाय कुणी नव्हतं. सुरुवातीला रेडकू हंबरल्यासारखा आवाज निघायचा. गाल दुखायचे, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, आणि तो बांधावर बसून राहायचा. पण तो रोज जात राहिला. संक्रांत उलटली तशी आवाजाला धार आली. एक दिवस संध्याकाळच्या वेळी एक लांबलचक, वर चढत जाणारा सूर नदीच्या पलीकडं गेला, आणि आळीतले दोन म्हातारे हातातलं काम सोडून उभे राहिले. त्यांनी तो आवाज ओळखला होता. शिकवायला कुणी नव्हतं, तरी पोरगा बापासारखाच फुंकत होता.

आवाज गावातही गेला. फाल्गुनात जत्रेच्या कमिटीतला सोमनाथ घरी आला. तिशीतला मुलगा, पांढरा शर्ट, वागायला सभ्य. पडवीत बसला, चहा प्याला, कप स्वतः उचलून आत ठेवायला निघाला.

"जयभीम, काकू. कुमारदादा, एक इनंती हाय. औंदा पालखीपुढं तुमी फुंकावं, आसं समद्यांचं मत पडलंय. आता पहिल्यागत काय न्हाई राहिलं. फेटा बांधू, देवळात आत जाऊ संगं. मान तुमचाच हाय."

संजीवनीनं सासूकडं पाहिलं. ठकुबाई भिंतीला टेकून बसली होती आणि मुलाकडं बघत होती.

"म्या आजारासाठी फुंकतोय, सोमनाथ," कुमार म्हणाला. "पालखीसाठी न्हाई."

"आवो, फुंकायचंच हाय तर..."

"न्हाई. माझ्या बापानं खाली ठिवलंय ते."

सोमनाथनं आणखी ताणलं नाही. तो गेल्यावर संजीवनीला वाटलं, चला, एका परीनं बरंच झालं. आता तरी म्हातारीचं मन भरेल. पोरगा शिंग फुंकतो, पण कुणापुढं फुंकत नाही, हे तिनं कानांनी ऐकलं. आता शिंग घरात आलं तरी ती काही म्हणणार नाही.

घडलं उलटंच. ठकुबाई दिवसेंदिवस मिटत चालली. ताटातली भाकरी अर्धी राहू लागली. विहारात जाणं सुटलं. दुपारी कुमार झोपला, की ती त्याच्या खोलीच्या दाराशी येऊन बसायची आणि कान देऊन ऐकायची. आधी ज्या बाईला लेकाचं घोरणं सुखाचं वाटत होतं, ती आता ते श्वास मोजल्यासारखे ऐकत होती. संजीवनीला वाटलं, राग आहे. शिंगाचा राग, आपल्या त्या दिवशीच्या बोलण्याचा राग. तिनं दोनदा माफी मागायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा ती चुलीपासून उठलीच नाही.

कुमारच्या झोपेत मात्र फरक पडत होता. घोरणं होतं, पण हलकं झालं होतं, आणि मधेच गळा आवळल्यासारखं गप्प होणं क्वचित व्हायला लागलं होतं. सकाळी त्याचं डोकं दुखेनासं झालं. एक दिवस दुपारभर संजीवनीनं भिंतीपलीकडून ऐकलं आणि तिच्या लक्षात आलं की आज आपण एकदाही उठलो नाही. आनंदानं तिला राहवेना. ती दाराशी बसलेल्या सासूजवळ गेली आणि खाली बसली.

"आत्या, बघा की. आज थांबलाच न्हाई."

ठकुबाईनं मान हलवली. बराच वेळ ती लेकाच्या वरखाली होणाऱ्या छातीकडं पाहत राहिली.

"म्हंजी, त्या फुंकण्यानंच का?"

"व्हय. दुसरं काय केलंय आपन?"

म्हातारीचा चेहरा असा काही झाला, की संजीवनीचा आनंद जिथल्या तिथं विझला. आपण काय वाईट बोललो, ते तिला कळेना.

"पुढच्या येळंला डॉक्टरकडं म्या बी येनार," ठकुबाई म्हणाली.

ती आली. नवी साडी नेसून, काठी टेकत, दवाखान्यातल्या बाकावर कुणाशी न बोलता बसून राहिली. डॉक्टरबाईंनी कुमारला तपासलं आणि प्रगती चांगली आहे म्हणाल्या. एकदा परत रात्रीची तपासणी करू, ती नीट आली तर गाडीचं बघू. फुंकणं सोडायचं नाही. सोडलं की पुन्हा मूळपदावर. कुमार खुशीत बाहेर पडला. शिंगाचा चेपा धनाजीकडून काढून घ्यायचा होता म्हणून तो पुढं गेला. संजीवनी उठली, पण ठकुबाई उठेना.

"बाई, येक इचारू?"

"विचारा ना, आजी."

"मानूस ल्हानपनापास्नं फुंकत आसंल. लई वरसं. आन मग येकदम सोडलं. तर त्याला ह्यो आजार व्हतो का?"

डॉक्टरबाई पुढचा कागद ओढून घेत होत्या.

"होऊ शकतो. फुंकण्यानं दबून राहिला असेल, सोडल्यावर वर आला असेल. पण वय असतं, वजन असतं, पुष्कळ कारणं असतात. माणूस बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. कोण आहे? घेऊन या त्यांना."

"न्हाई आनता यायचं," ठकुबाई म्हणाली आणि काठी शोधू लागली.

संजीवनीच्या तेव्हा ध्यानात आलं. सासऱ्याला तिनं पाहिलेलं नव्हतं. भिंतीवरच्या फोटोत होता तेवढाच तिला माहीत. ऐन उमेदीत गेला, झोपेतच गेला, हे मात्र तिनं लग्न झाल्यापासून ऐकलं होतं. सांगणारे ते कौतुकानं सांगायचे. झोपेत मरण यायला भाग्य लागतं म्हणायचे. तिनंही कधी त्यात दुसरं काही शोधलं नव्हतं.

एसटी स्टँडवर दोघी सिमेंटच्या बाकावर बसल्या. उत्रोलीकडची गाडी लागायची होती. ऊन कडक होतं, उसाच्या रसाच्या गाड्यावरची घुंगरं वाजत होती.

"शिंग व्हतं तवर ते कदी घोरले न्हाईत," ठकुबाई समोर बघत म्हणाली. "मागनं घोराय लागले. म्या म्हनलं, डोईवरचं वझं उतरलं, आता सुखानं झोपत्यात. आळीतल्या बायांना बी म्या तसंच सांगितलं. बगा म्हनलं, गुलामी सुटल्याव झोप कशी लागती."

संजीवनीनं तिच्या हातावर हात ठेवला. हात गार होता.

"त्या राती घोरायचं मधीच बंद झालं. मला जाग आली. बरं वाटलं गं मला. म्हनलं, थांबलं येकदाचं. आन म्या कूस बदलून झोपले."

"आत्या, डॉक्टरीण म्हनली न्हाई का, बगितल्याबिगर सांगता येत न्हाई. कशानं बी झालं आसंल."

 लाल गाडी फाटकातून आत आली आणि माणसं उठून तिच्यामागं धावायला लागली. दुसऱ्याच गावची निघाली. माणसं परत येऊन बसली.

"तू आसतीस तर घेतलं आसतंस का ते शिंग त्यांच्या हातातनं?"

थंडी सुरू होताना दारात उभं राहून संजीवनीनंच हा प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला होता, आणि तेव्हा तिला उत्तर अगदी सोपं वाटलं होतं. आता ते येईना. नाही म्हटलं तर या बाईचं सगळं आयुष्य याच बाकावर मोडून पडेल. हो म्हणावं, तर तिच्या डोळ्यांपुढं दुपारचा उताणा पडलेला कुमार येत होता, उघड्या तोंडाचा, वर न येणाऱ्या छातीचा.  

"घेतलं आसतं," ती म्हणाली. आपण खरं बोललो की खोटं, तिचं तिलाही उमगलं नाही.

"म्या बी," ठकुबाई म्हणाली. "आज बी घेईन."

उत्रोलीची गाडी लागली. कंडक्टर दारात उभा राहून गावांची नावं घेऊ लागला. संजीवनीनं पिशवी उचलली आणि सासूला उठवायला हात पुढं केला. म्हातारीनं तो हात धरला, पण ती लगेच उठली नाही.

"पर मग झोपायची न्हाई," ती म्हणाली.